संदर्भ दाखवा, मग बोला : विकिपीडियाचं परीक्षण

विकिपीडियावर खरं-खोटं ठरत नाही. तिथे ठरतं ते एवढंच, की अमुक गोष्ट भरवशाच्या ठिकाणी छापून आली आहे का, आणि ती वाचणाऱ्याला स्वतः पडताळता येते का. हे कळल्यावर अनेकांचा हिरमोड होतो. ज्ञानकोश म्हणवता, मग सत्य सांगायला काय हरकत आहे, असं त्यांना वाटतं. पण या सेवेचं बळ याच अटीत आहे आणि तिच्या बहुतेक उणिवाही याच अटीतून निघतात. म्हणून परीक्षण तिथूनच सुरू करतो.

१५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेली ही सेवा आज तीनशेहून अधिक भाषांत चालते. मराठी आवृत्ती २००३ पासून आहे. जाहिराती नाहीत, वर्गणी नाही, वाचायला खातं लागत नाही. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण प्रत्येक लेखाच्या माथ्यावर ‘चर्चा’ आणि ‘इतिहास’ असे दोन दरवाजे असतात, आणि ते उघडणारे वाचक फार थोडे. लेख हा दर्शनी भाग. माल आत आहे.

आधी शब्द नीट लावून घेऊ, कारण बोलताना आपण तथ्य, सत्य आणि स्वतःची जीवनदृष्टी यांची सर्रास गल्लत करतो. प्लूटोचा लेख यासाठी फार उपयोगी आहे. प्लूटो १९३० मध्ये सापडला. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला साधारण २४८ वर्षं लागतात. ही मोजलेली तथ्यं. कुणाला आवडोत न आवडोत, तशीच राहतात. प्लूटो ‘ग्रह’ आहे की नाही, हे मात्र वेगळ्या जातीचं तथ्य आहे. २४ ऑगस्ट २००६ रोजी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने प्रागच्या अधिवेशनात ग्रहाची व्याख्या मंजूर केली. सूर्याभोवती फिरणं, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने जवळपास गोल झालेलं असणं आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असणं अशा तीन अटी. पहिल्या दोन प्लूटो पुऱ्या करतो, तिसरी करत नाही. त्या दिवशी प्लूटोवर काहीही घडलं नाही. लेखातलं पहिलं वाक्य मात्र बदललं आणि ‘ग्रह’चा ‘बटुग्रह’ झाला. आणि तिसरी गोष्ट, ‘प्लूटोला ग्रह मानायला हवं होतं’, ही या दोन्हींत बसत नाही. ती भूमिका आहे. तिच्यामागे विज्ञानात वर्गीकरण कशासाठी करायचं याबद्दलची एक धारणा आहे, आणि अशी धारणा दुर्बिणीतून दिसत नाही.

विकिपीडिया या तिन्हींना वेगवेगळी वागणूक देतो. मोजलेलं तथ्य सरळ वाक्यात येतं. व्याख्येवर उभं असलेलं तथ्य ती व्याख्या कुणाची आणि कधीची हे सांगून येतं. भूमिका येते ती नाव लावून. हा तिसरा प्रकार नीट समजला की अर्धं विकिपीडिया समजलं. ‘मृत्युदंड अमानुष आहे’ हे वाक्य लेखात टिकणार नाही. ‘ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही संघटना मृत्युदंडाला सर्व परिस्थितींत विरोध करते’ हे टिकेल. पहिलं मत आहे. दुसरं त्या मताच्या अस्तित्वाबद्दलचं तथ्य आहे. ते संघटनेच्या निवेदनावरून पडताळता येतं, आणि मृत्युदंडाचा कट्टर समर्थकही ते नाकारू शकत नाही. मताला माणूस आणि तारीख चिकटवली की त्याचं तथ्य होतं, ही या सेवेची मुख्य युक्ती. त्यात गमावतो काय, तर मूळ प्रश्न तसाच राहतो. मृत्युदंड असावा की नसावा हे लेख कधीच सांगणार नाही. तुमच्यासमोर बाजू मांडल्या जातील, कोण काय म्हणतं ते कळेल, निर्णय तुमचा. मला हे योग्य वाटतं. ज्यांना ज्ञानकोशाकडून निवाडा हवा आहे, त्यांनी ही सेवा वापरू नये.

तटस्थतेच्या धोरणातल्या दोन सूचना मला कुठल्याही लेखनवर्गात शिकवाव्याशा वाटतात. मत तथ्य म्हणून लिहू नका, ही पहिली; ती सगळे सांगतात. दुसरी सहसा कुणी सांगत नाही: तथ्य मत म्हणून लिहू नका. ‘काही शास्त्रज्ञांच्या मते पृथ्वी गोलाभ आहे’ हे वाक्य खोटं नाही, पण फसवं आहे. ‘मते’ हा एक शब्द घातला की दुसरी बाजूही तेवढ्याच तोलाची असावी, असा भास होतो. म्हणून धोरणात प्रमाणाचा नियम आहे. एखाद्या भूमिकेला लेखात किती जागा मिळावी हे भरवशाच्या स्रोतांत तिला किती जागा आहे त्यावरून ठरतं. पन्नास-पन्नास अशी वाटणी म्हणजे तटस्थता, हा समज तिथे चालत नाही.

मराठीत लिहिताना ही तटस्थता आणखी अवघड होते, कारण आपल्या भाषेत भूमिका क्रियापदातच बसलेली असते. एकाच घटनेसाठी ‘मेला’, ‘वारले’, ‘निधन झाले’, ‘हुतात्मा झाले’, ‘वीरमरण आले’, ‘ठार झाले’ यांपैकी काय निवडलं यावरून लिहिणाऱ्याचा पक्ष कळतो. ‘तो’ की ‘ते’, यातूनही कळतो. बोलण्याच्या क्रियापदांचंही तसंच. ‘म्हणाले’ हा शब्द कोरा आहे. ‘दावा केला’ म्हटलं की शंका आली. ‘कबूल केलं’ म्हटलं की आधी लपवलं होतं असं झालं. ‘उघड केलं’ म्हटलं की ते खरंच होतं असं झालं. ‘निदर्शनास आणून दिलं’ म्हणजे लिहिणारा सहमत आहे. तथ्य एकच, फक्त क्रियापद फिरलं. एखादा मराठी लेख तपासायचा असेल तर विशेषणं नंतर पाहा. आधी क्रियापदांवरून नजर फिरवा. ‘थोर’, ‘महान’, ‘तथाकथित’ कुणाच्याही डोळ्यांत येतात. ‘कबूल केलं’ सुटून जातं.

उभयान्वयी अव्ययांचंही तेच. स्वतःचं संशोधन लेखात घालायला मनाई आहे, आणि लोकांचा समज असा की हा नियम फक्त नवे शोध लावणाऱ्यांसाठी आहे. प्रत्यक्षात तो रोज मोडला जातो तो ‘त्यामुळे’ आणि ‘मात्र’ या शब्दांनी. समजा एका कंपनीच्या लेखात दोन वाक्यं आहेत: ‘जानेवारीत कंपनीने नवा मुख्य अधिकारी नेमला.’ ‘मार्च तिमाहीत नफा घटला.’ दोन्हींना संदर्भ आहे, दोन्ही खरी. आता मध्ये ‘त्यामुळे’ घाला. हे तिसरं विधान झालं, आणि ते कुठल्याच स्रोतात नाही. ‘मात्र’ घाला, तो अधिकारी अपयशी ठरला असं सुचवलं गेलं. पुसायला जावं तर दोन्ही वाक्यांना संदर्भाचे आकडे लावलेले, म्हणून कुणी हात लावत नाही. दोन तथ्यांच्या सांध्यात लिहिणाऱ्याची जीवनदृष्टी अशी शिरते.

आता प्रत्यक्ष वापर. एखादं विधान तपासायचं असेल तर घाई न करता पुढच्या क्रमाने जा. सवय झाल्यावर पाच-सात मिनिटं पुरतात.

वाक्याच्या शेवटी चौकटी कंसातला आकडा आहे का पाहा. नसेल, किंवा तिथे ‘संदर्भ हवा’ असा साचा लावलेला असेल, तर ते विधान अजून कुणीतरी सांगितलेली गोष्ट आहे, यापलीकडे काही नाही. आकडा असेल तर तो नेमका कुठे आहे ते पाहा. लांब वाक्यात तीन गोष्टी सांगितलेल्या असतात आणि संदर्भ फक्त शेवटच्या गोष्टीचा असतो, हे फार वेळा होतं. मग संदर्भ उघडा. दुवा मेलेला असेल तर तो पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाका. जुन्या पानाची प्रत बऱ्याचदा मिळते. मिळालेल्या पानात ते वाक्य शोधा. नुसता विषय जुळून उपयोग नाही. विधान जुळलं पाहिजे. लेख म्हणतो ‘सर्वांत मोठा’, स्रोत म्हणतो ‘सर्वांत मोठ्यांपैकी एक’, अशी घसरण मला सगळ्यात जास्त वेळा दिसते. पुस्तकाचा संदर्भ असून पृष्ठक्रमांक नसेल, तर तो संदर्भ अर्धाच धरा.

यानंतरची पायरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात: स्रोत आधीचा की लेखातलं वाक्य आधीचं?

हे का पाहायचं, ते कोआटीच्या प्रकरणावरून कळेल. कोआटी हा रॅकूनच्या कुळातला अमेरिका खंडातला प्राणी. २००८ मध्ये एका अमेरिकी विद्यार्थ्याने त्याच्या इंग्रजी लेखात, या प्राण्याला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असंही म्हणतात, अशी भर घातली. असं कुणीही म्हणत नव्हतं. आर्डवार्क आफ्रिकेतला, दोघांचा काही संबंध नाही. वाक्य टिकलं. वृत्तपत्रांनी ते उचललं, पुढे अभ्यासपूर्ण पुस्तकातही ते नाव आलं, आणि मग तेच छापील उल्लेख लेखात संदर्भ म्हणून लागले. २०१४ मध्ये खरा प्रकार बाहेर आला तोवर चक्र पूर्ण झालं होतं. वाक्याला संदर्भ होता, संदर्भ भरवशाचा होता, संदर्भात तेच लिहिलं होतं. वर सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या या वाक्याने पार केल्या असत्या. पकडलं असतं ते फक्त तारखेने.

इथे थोडं थांबू, कारण तथ्य आणि सत्य यांचं नातं इतकं उघडं क्वचितच दिसतं. २००८ मध्ये ‘असंही म्हणतात’ हे विधान खोटं होतं. पण नाव म्हणजे लोक जे म्हणतात तेच. लोकांनी वाचून तसं म्हणायला सुरुवात केली, तसं ते विधान हळूहळू खरं होत गेलं. खोट्याने स्वतःला खरं करून घेतलं. प्लूटोच्या फेरीच्या २४८ वर्षांबाबत असं होऊ शकत नाही. कितीही वृत्तपत्रांनी १०० छापलं तरी प्लूटो लवकर परतणार नाही. म्हणजे कुठली विधानं लिहिण्याने बदलतात आणि कुठली बदलत नाहीत, हे ओळखणं तपासणाऱ्याचं पहिलं काम. नावं, टोपणनावं, ‘म्हणून ओळखले जातात’, ‘असे मानले जाते’, ‘लोकप्रिय आहे’ हा सगळा बदलणाऱ्यांचा प्रांत. तिथे तारीख तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तारीख काढायची ती इतिहासातून. प्रत्येक ओळीत वेळ, सदस्यनाम, पानाचा आकार, आधीच्या आवृत्तीपेक्षा किती बाइट वाढले वा घटले तो आकडा आणि बदल करणाऱ्याने लिहिलेला सारांश असतो. मराठी लेखात हा आकडा वाचताना लक्षात ठेवा, की देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. अधिक ३०० दिसलं तर भर साधारण शंभर चिन्हांची, काना-मात्रा-वेलांट्या धरून. म्हणजे फार तर दोन छोटी वाक्यं. इंग्रजीच्या सवयीने पाहणाऱ्याला तो परिच्छेद वाटतो. जुने-मोठे लेख असतील तर हजारो आवृत्त्या चाळत बसू नका. विकिब्लेम नावाचं मोफत साधन आहे; त्यात लेखाचं नाव आणि हवा तो शब्दसमूह दिला की तो पहिल्यांदा कधी आला ते ते शोधून देतं. शब्दसमूह चार-पाच शब्दांचा घ्या. एकच शब्द दिला तर भलतीच आवृत्ती हाती लागते. पूर्ण वाक्य दिलं तर मध्ये कुणीतरी शुद्धलेखन सुधारलेलं असतं आणि शोध तिथेच अडकतो. आवृत्ती सापडली की स्रोताच्या तारखेशी ताडून पाहा. स्रोत नंतरचा असेल आणि त्याने स्वतःचा आधार सांगितला नसेल, तर ते विधान वापरू नका.

चर्चापान शेवटी वाचा. आधी वाचलं तर वाद घालणाऱ्यांपैकी कुणाची तरी बाजू मनात घर करते. एखाद्या लेखावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लेखन उलटवलं तर सदस्यावर बंदी येऊ शकते, असा इंग्रजी विकिपीडियाचा नियम आहे. म्हणून भांडण लेखातून चर्चापानावर येतं, आणि ते वाचण्यासारखं असतं. तारखा आणि आकडे यांवरून पेटलेला वाद तसा लवकर मिटतो, एक पुस्तक उघडलं की झालं. वर्षानुवर्षं चालतो तो पहिल्या परिच्छेदात काय यावं, लेखाचं शीर्षक काय असावं, हा वाद. तिथे दोन्ही बाजूंची तथ्यं सारखीच असतात.

दक्षिण अटलांटिकमधल्या त्या बेटांचंच पाहा. इंग्रजी लेखाचं शीर्षक फॉकलंड, स्पॅनिश लेखाचं माल्विनास. १९८२ चं युद्ध २ एप्रिलला सुरू झालं, १४ जूनला संपलं. अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ सैनिक गेले. आकड्यांवर भांडण नाही. पण शीर्षकाचा शब्द टाइप करताक्षणी तुम्ही एका बाजूला उभे राहता, आणि तिसरं, कोरं नाव उपलब्धच नाही. वादग्रस्त विषयावर वाचताना किमान दोन भाषांतले लेख उघडायचे, हा नियम मी कुणालाही सांगेन. भाषा येत नसेल तर यंत्रानुवाद चालेल. फक्त पहिलं वाक्य, उपशीर्षकांचा क्रम आणि कुठल्या विभागाला किती जागा दिली आहे, एवढंच बघायचं असतं. तथ्यांची निवड आणि क्रम यांत लिहिणाऱ्यांची जीवनदृष्टी सर्वांत स्पष्ट दिसते, आणि संदर्भाचा कुठलाही नियम तिला पकडू शकत नाही.

सेवेतल्या त्रुटींबद्दल आता सरळ बोलतो. पहिली मोठी त्रुटी: संदर्भ आहे हे पाहून सगळे थांबतात, तो उघडत कुणी नाही. २००७ ते २०१२ या काळात इंग्रजी विकिपीडियावर डिचोलीच्या युद्धाचा लेख होता. गोव्यातले पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात १६४०-४१ मध्ये झालेलं युद्ध, शेवटी तह, सगळं तपशीलवार. त्याला ‘चांगला लेख’ असा दर्जाही मिळाला होता. युद्ध झालंच नव्हतं. ज्या पुस्तकांचे हवाले दिले होते ती पुस्तकंही नव्हती. १६४० मध्ये शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते, हे आपल्याकडच्या शाळकरी पोराला माहीत असतं. पण दर्जा देणाऱ्यांनी मांडणी, भाषा आणि तळटीपांची रचना पाहिली. पाच वर्षांनी एका सदस्याने ती पुस्तकं शोधायला घेतली आणि लेख कोसळला. पडताळता येणं आणि पडताळलेलं असणं यांत एवढं अंतर आहे. सेवा तुम्हाला पहिलं देते. दुसरं तुम्हीच करायचं.

दुसरी त्रुटी छोट्या आवृत्त्यांची. मोठ्या विकिपीडियावर एकाचा पूर्वग्रह दुसरा कापतो. पन्नास जणांनी ओढाताण केली की मध्य सापडतो. जिथे सक्रिय सदस्य मोजके, तिथे हे होत नाही. क्रोएशियन विकिपीडिया जवळजवळ दशकभर एकाच विचारसरणीच्या मोजक्या प्रचालकांच्या, म्हणजे देखरेखीचे जादा अधिकार असलेल्या सदस्यांच्या, हाती होता, इतिहासाचे लेख त्यांच्या मनाप्रमाणे वाकवले गेले. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हे सविस्तर नोंदलं आहे. चिनी विकिपीडिया तर छोटाही नाही, तरी तिथे एकाच सदस्याने मध्ययुगीन रशियाच्या काल्पनिक इतिहासाचे दोनशेहून अधिक लेख एकमेकांना जोडून लिहिले. ते २०२२ मध्ये उघड झालं. म्हणून मराठीसह कुठल्याही लहान आवृत्तीत लेख वाचताना इतिहासात किती वेगवेगळी सदस्यनामं आहेत ते मोजा. सांगकाम्यांचे, म्हणजे यंत्राने आपोआप केलेले बदल, वगळा. उरलेली नावं एक-दोनच असतील तर तो एका माणसाचा निबंध आहे असं समजून वाचा; चांगला असेलही, पण ज्ञानकोशाची गाळणी त्याला अजून लागलेली नाही.

तिसरी मला सर्वांत खटकते. जे छापलं गेलं नाही ते इथे अस्तित्वातच नाही. फिलिप रॉथ या अमेरिकी कादंबरीकाराने २०१२ मध्ये आपल्या एका कादंबरीच्या लेखातली चूक दाखवली. त्यातलं मुख्य पात्र अमुक व्यक्तीवर बेतलेलं आहे असा समीक्षकांचा अंदाज लेखात होता. तसं नाही, वेगळ्याच माणसावरून सुचलं, हे खुद्द लेखक सांगत होता. उत्तर मिळालं की दुय्यम स्रोत, म्हणजे दुसऱ्या कुणी त्याबद्दल छापलेलं काही, हवा. शेवटी त्यांनी एका नियतकालिकाच्या संकेतस्थळावर खुलं पत्र प्रसिद्ध केलं, आणि ते प्रसिद्ध झाल्यामुळे संदर्भ म्हणून चाललं. वरवर पाहता हा अडेलतट्टूपणा वाटतो. पण दूर बसलेल्या वाचकाला, लिहिणारा खरंच रॉथ आहे की त्याच्या नावाने आलेला कुणी, हे कळायला मार्ग नव्हता. शिवाय समीक्षकांनी तसा अंदाज केला होता, हेही तथ्यच होतं. लेखकाचं सत्य वेगळं, समीक्षकांनी काय म्हटलं याचं तथ्य वेगळं. पत्रानंतर दोन्हींना जागा मिळाली. नियमाची बाजू इथे मला पटते.

न पटणारी बाजू पुढे आहे. रॉथना छापून आणणं शक्य होतं. ज्यांच्या भाषेत छपाईच थोडी आहे, ज्यांचं ज्ञान हातात आणि तोंडी आहे, त्यांना ते शक्य नाही. एखादं बियाणं कधी पेरायचं, एखादं वाद्य कसं मढवायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या हजारो लोक जाणतात आणि त्याबद्दल एक ओळही छापलेली नसते. २०११ च्या सुमारास भारत आणि दक्षिण आफ्रिकेत ध्वनिमुद्रित मुलाखती संदर्भ म्हणून वापरून पाहण्याचा प्रयोग झाला, पण सर्वसाधारण धोरण बदललं नाही. ‘नोंद नाही’ आणि ‘घडलं नाही’ यांतला फरक ही सेवा वाचकाला कुठेही स्पष्ट सांगत नाही. लेखाच्या तळाशी ‘छापील स्रोतांत न सापडणारी माहिती यात नाही’ अशी एक ओळ असती तरी फार झालं असतं.

अचूकतेचा प्रश्न नेहमी विचारला जातो. ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाने डिसेंबर २००५ मध्ये विज्ञानविषयक ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. विकिपीडियात १६२ चुका किंवा वगळणुका निघाल्या, ब्रिटानिका या जुन्या ज्ञानकोशात १२३. म्हणजे लेखामागे साधारण चार आणि तीन. ब्रिटानिकाने या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतला होता. शिवाय ही तुलना फक्त विज्ञानाच्या लेखांची आहे, आणि तिच्यावरून राजकारण किंवा चरित्रलेखांबद्दल काही अनुमान काढू नये. चरित्रांचा अनुभव वाईट होता. त्याच वर्षी एका ज्येष्ठ अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रात केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध सुचवणारा धादांत खोटा मजकूर चार महिने तसाच राहिला होता. त्यानंतर जिवंत व्यक्तींबद्दल कडक धोरण आलं: संदर्भ नसलेलं वादग्रस्त विधान चर्चेची वाट न पाहता काढून टाकायचं. आज त्या बाबतीत परिस्थिती बरीच सुधारली आहे.

माझी शिफारस अशी. खगोल, रसायन, भूगोल, प्राणी-वनस्पती, गणित, जुन्या निवडणुकांचे निकाल यांसाठी निर्धास्त वापरा, आकडा महत्त्वाचा असेल तर संदर्भ उघडा. औषधाची मात्रा कधीही इथून घेऊ नका. कंपन्या, संस्था आणि हयात उद्योजकांचे लेख वाचताना इतिहास पाहाच. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने ते जाहीर करावं अशी अट २०१४ पासून आहे, पण न सांगता लिहिणारे असतातच. एकाच सदस्याने फक्त एकाच कंपनीच्या पानावर काम केलं असेल तर ती खूण पुरेशी आहे. ताज्या बातमीवरचा लेख पहिले दोन दिवस वाचू नका. सीमावाद, धर्म, युद्धं यांसाठी लेखापेक्षा संदर्भांची यादी जास्त कामाची. तिचा ग्रंथसूचीसारखा उपयोग करा.

आणि एकदा तरी स्वतः लिहून पाहा. वाचून जे समजत नाही ते एका वाक्याने समजतं. खातं काढा, ‘धूळपाटी’वर सराव करा, ते पान चुका करण्यासाठीच असतं. मग आपल्याला चांगला माहीत असलेला, आणि ज्यावर आपलं ठाम मत आहे असा विषय घ्या. त्याच्या लेखात एकच वाक्य घाला. लेखक, ग्रंथ, प्रकाशक, वर्ष, पृष्ठ असा पूर्ण संदर्भ द्या, सारांशात काय केलं ते लिहा. शक्यता अशी की ज्या वाक्यासाठी तुम्ही आलात त्याला संदर्भ मिळणारच नाही, आणि शोधता शोधता त्याच्या शेजारचं, थोडं कमी ठाम वाक्य हाती येईल. तेच लिहा. कुणी उलटवलं तर लगेच परत टाकू नका. चर्चापानावर कारण विचारा. तिथे दाद लागली नाही तर ‘चावडी’ आहे. तिथे प्रश्न मांडला की इतर सदस्य लक्ष घालतात. माहिती खरी असूनही उलटवली गेली, तर बहुतेक वेळा कारण एकच निघतं: स्रोतात जे होतं त्यापेक्षा वाक्यात एक शब्द जास्त होता.

कुणाला लेखाचा दुवा पाठवायचा असेल किंवा वादात पुरावा म्हणून द्यायचा असेल, तर नेहमीचा पत्ता देऊ नका. इतिहासात जाऊन हव्या त्या आवृत्तीच्या तारखेवर टिचकी मारा; उघडलेल्या पानाच्या पत्त्यात ‘ओल्डआयडी’ (oldid) आणि पुढे एक आकडा दिसेल. तो पत्ता त्या आवृत्तीचा कायमचा पत्ता आहे. नेहमीच्या पत्त्यावरचा लेख समोरच्याने उघडेपर्यंत बदललेला असू शकतो. वेळ नोंदवताना लक्षात ठेवा, इंग्रजी विकिपीडियावरची घड्याळवेळ, सेटिंग बदललेलं नसेल तर, जागतिक प्रमाणवेळेनुसार असते. आपल्या वेळेत बदलून घ्या, नाहीतर तारीखच एका दिवसाने चुकू शकते.